भाऊजींचं तारेवरचं विमान

माझ्या ताईच्या लग्नात नवरदेवानं मांडव पाडला. अतिशयोक्ती नाही, खरोखर पाडला. वरात अल्लीपूरला आमच्या दारात आली, बॅन्ड रंगात आला होता, आणि नवरदेव मांडवाच्या तोंडाशी येऊन थांबला. त्यानं वर पाहिलं, खाली पाहिलं, हातातली कट्यार मित्राकडे दिली आणि पुढचा खांब दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवला. खांब बुडासकट हातात आला. मांडवाची ती बाजू बॅन्डवाल्यांवर बसली. "पाहा," नवरदेव माझ्या वडिलांना म्हणाला, "याच्याखाली मानसं असती तं?" माणसं होतीच. क्लॅरिनेटसकट होती. त्यांना बाहेर काढेपर्यंत मुहूर्त टळत आला, आणि त्या वेळी बाबांनी नव्या जावयाकडे जे डोळे वटारून पाहिलं, ते डोळे पुढे कितीतरी वर्षं तसेच वटारलेले राहिले.

हे आमचे भाऊजी. हात लागेल ती वस्तू ओढून पाहायची, ही त्यांची खोड. झोक्यावर बसण्याआधी कड्या ओढायच्या, विहिरीवर दोर ओढायचा, एस.टी.त चढताना दांडा ओढायचा. मागे उभे असलेले लोक शिव्या घालत असायचे ते वेगळं. मी शिकवत होते त्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला ते आले आणि प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीची पाठ त्यांनी ओढून पाहिली. पाठ हातात आली. पाहुण्या बाई अजून यायच्या होत्या म्हणून बचावल्या, पण मुख्याध्यापिका पुढे आठवडाभर माझ्याशी बोलताना फक्त "तुमचे ते नातेवाईक" एवढंच म्हणत होत्या. मी घरी येऊन भांडले. भाऊजी शांत. "तुटाचं असंन तं आत्ता तुटू दे, मास्तरीणबाई," ते म्हणाले. "वर गेल्यावर तुटलं तं कोनाले सांगान?" खुर्ची वर कुठे जाणार होती, हे मी विचारलं नाही. त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे रात्रीच्या जेवणाला उशीर.

हे 'वर' त्यांच्या डोक्यात कुठून बसलं, तर हवाई दलातून. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थानं बाबांना सांगितलं होतं, "पोरगा इमानात हाय." बाबांना एवढंच पुरे झालं. आमचे बाबा अल्लीपूरचे कास्तकार. कापूस, तूर, चार जनावरं, आणि बोलण्यात कोणाला हार न जाणारा माणूस. त्यांनी त्याच संध्याकाळी अख्ख्या गावाला सांगून टाकलं की माझा जावई पायलट आहे. आणि भाऊजी होते फिटर. विमान खाली उभं असताना त्याचा सांगाडा, पंख, खिळे तपासणारे. स्वतः विमान त्यांनी कधी चालवलं नव्हतं, आणि ही गोष्ट ते कोणालाही, न विचारता, सांगत.

लग्नाच्या पंगतीत एका म्हाताऱ्यानं विचारलं, "किती उंच नेता जी इमान?" भाऊजी म्हणाले, "म्या नाई नेत. म्या फिटर हाय." बाबा हातात तुपाची वाटी घेऊन उभे होते. त्यांनी क्षणभरही न थांबता म्हाताऱ्याच्या कानाशी वाकून सांगितलं, "मिल्ट्रीचं गुपित असते. सांगू देत नाईत." झालं! तेव्हापासून भाऊजी जेवढं नाही म्हणत, तेवढा गावाचा विश्वास पक्का होत गेला. कोणी म्हणे चीनवर गेलते, कोणी म्हणे अजून लय दूर. ते बिचारे घसा कोरडा करून सांगायचे की बाप्पा, मी नट आवळतो, आणि लोक डोळा मारून म्हणायचे, हौ हौ, आवळा.

बाबांना मात्र खरं माहीत होतं, आणि तोच त्यांचा राग. मध्यस्थावर काढायचा तो राग त्यांनी जावयावर काढला. ताईच्या घरी, वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीला, ते कधी गेले नाहीत. वर्ध्याला बाजाराला यायचे, कचेरीत यायचे, माझ्या शाळेच्या दारात मला भेटून जायचे. पण नालवाडीचं नाव काढलं की त्यांचे पाय दुखायला लागायचे. ताईनं किती वाट पाहिली असेल. दर बाजाराच्या दिवशी ती एका माणसाचा जास्त स्वयंपाक करायची आणि संध्याकाळी तो ती, भाऊजी आणि पुढे त्यांच्याकडे राहायला आलेली मी, असे तिघं मिळून संपवायचो. सासऱ्यानं एकदा तरी आपल्या उंबऱ्याच्या आत यावं, एवढी एकच गोष्ट भाऊजींना हवी होती. ते बोलून दाखवत नसत. पण बाबांसाठी म्हणून एक आरामखुर्ची त्यांनी स्वतः बनवून ठेवली होती आणि तिच्यावर दुसऱ्या कोणाला बसू देत नसत. ओढून पाहिलेली होती, हे सांगायला नको.

हवाई दलातली मुदत संपवून ते परत आले आणि नालवाडीला त्यांनी पंप-मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं. मला वर्ध्याच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्याकडेच राहायला आले, आणि आल्या दिवशी मला वाटलं की या घरात कोणाचं तरी ऑपरेशन चाललंय. दवाखान्यासारखा वास! कारण भाऊजींना नवा नाद लागला होता. ते लहान विमानं बनवत होते. खेळण्यातली नव्हेत, खरंच उडणारी. कलकत्त्याहून कसलंसं कापसासारखं हलकं लाकूड मागवायचं, ते ब्लेडनं कोरायचं, वर पातळ कागद ताणून बसवायचा आणि नाकावर मुठीएवढं इंजिन आणि त्याचा गरगरणारा पंखा. त्या इंजिनाचं खाणं म्हणजे रॉकेल, एरंडेल आणि ईथर. ईथरचा वास घरभर, एरंडेलाचे डाग भिंतीभर. ताई म्हणायची, "सवत परवडली असती. ती तेल निदान डोक्याला तरी लावते."

हे विमान मोकळं उडत नसे. दोन बारीक पोलादी तारा त्याच्या पंखाला बांधलेल्या, त्यांची दुसरी टोकं भाऊजींच्या हातातल्या मुठीला. भाऊजी मधोमध उभे, आणि विमान त्यांच्याभोवती गरगर फिरतंय. मूठ वर कलली की विमान वर, खाली कलली की खाली. भाऊजीही विमानाबरोबर जागच्या जागी फिरत राहायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाच चक्कर आली. आवाज असा की कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या मैदानातले कावळे गाव सोडून गेले. आणि एकदा इंजिन सुरू झालं की बंद करायची कळ कोणाच्याच हातात नाही. टाकीतलं तेल संपेपर्यंत ते फिरणार. म्हणून भाऊजींचं म्हणणं असं, की जे काही डोकं चालवायचं ते आधी चालवा. "उडवनं कोनालेई येते," ते म्हणायचे. "थांबवनं येते का, थे सांगा."

मग त्यांचे नियम सुरू व्हायचे. आधी आकाश पाहायचं. विजेची तार जवळपास दिसली की त्या मैदानावर फुली, कारण आपल्या तारा पोलादाच्या. शिवल्या की माणूस जागच्या जागी खलास. ढगात गडगड ऐकू आली की सामान गोळा. मग ताईनं विमान घट्ट धरून बसायचं आणि भाऊजींनी मूठ धरून अंगातलं सगळं बळ लावून मागे ओढायचं. ताई अंगानं बारीक. पहिल्या वेळी विमानासकट ती फरफटत गेली, तेव्हापासून ती एक पाय दगडाला लावून बसायची. मुठीला एक पट्टा, तो मनगटात, म्हणजे मूठ सुटली तरी विमान गावात जाणार नाही. पंख्याच्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही. एवढं झालं की भाऊजी चारी दिशांना तोंड करून "चाललो!" म्हणून ओरडायचे, आणि मैदानात असलेल्या प्रत्येकानं "हौ!" म्हणायचं. एखादी म्हैस असली तर तिच्या मालकानं म्हणायचं.

हे मैदानापुरतं राहिलं असतं तर ठीक. ताईनं स्टोव्ह पेटवण्याआधी "पेटवते!" म्हणावं आणि आम्ही "हौ!" म्हणावं, असा आग्रह त्यांनी घरात आणला. ताईनं तो दोन दिवस पाळला आणि तिसऱ्या दिवशी जळती काडी हातात धरून म्हणाली, "आता तुम्हीच पेटवता की मी पेटवू?" भाऊजींनी नियम मागे घेतला.

एक नियम मात्र ताईला फार आवडायचा. भांडण झालं असेल तर विमान उडवायचं नाही. "डोकं गरम असलं का हात आयकत नाई," असं भाऊजींचं मत. मनात राग असला की ते सगळी तयारी मोडून घरी परत यायचे, मग मैदानात कितीही लोक बसलेले असोत. ताईनं हे बरोबर हेरलं. ज्या रविवारी तिला नवरा घरात हवा असेल, पडदे लावायचे असतील, पाहुणे यायचे असतील, त्या रविवारी ती सकाळी चहाबरोबरच भांडण काढायची. भाऊजी निमूट खिळे-हातोडी घ्यायचे. त्यांना हे कळत होतं की नाही, कोण जाणे. मी विचारलं तर म्हणाले, "तुयी बहीन खरंच रागावली का खोटी, थे पाहाची जोखीम काऊन घ्या?"

आता अल्लीपूरचे लोक वर्ध्याला येणारच, आणि आल्यावर जिनिंगच्या मागे गर्दी दिसली की डोकावणारच. गावात बातमी गेली: पायलट जावई दोरीला बांधून इमान फिरवते. मग काय, बाबांना चहाच्या टपरीवर बसणं मुश्कील झालं. "मामा, मिल्ट्रीनं इमान काढून घेतलं अन् पतंग देला काय जावयाले?" एवढी वर्षं जपलेली शान अशी दोरीवर लटकलेली पाहून बाबा कासावीस झाले. तान्हा पोळा तोंडावर होता. बाबांनी माझ्याकरवी निरोप धाडला: तान्ह्या पोळ्याले इमान घेऊन या म्हणा. गावाले दाखवून टाकू एकडाव.

मी निरोप सांगितला तेव्हा भाऊजी एका पंपाच्या पोटात हात घालून बसले होते. त्यांनी हात बाहेर काढला, पुसला, आणि मला परत सांगायला लावलं. "मामाजीनं म्हनलं? सोता?" मग ते उठून आत गेले आणि ताईला म्हणाले, "बोलावलं आपल्याले." ताई स्वयंपाकघरात रडली. भाऊजींनी नवं विमान करायला घेतलं. लाल पंखांचं, आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठं. दुकान संध्याकाळीच बंद होऊ लागलं. पंप दुरुस्तीला आणलेले लोक बोंबलत परत जायचे. त्या दिवसांत ताईनं एकदाही भांडण काढलं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भागात लेकरांचा पोळा असतो, तोच तान्हा पोळा. चाकांवरचे लाकडी बैल, त्यांना झूल, बेगड, गळ्यात घुंगरं, आणि ते ओढत नटूनथटून निघालेली पोट्टी. त्या दिवशी अल्लीपूरला बैल ओढणारे कमी आणि विमान पाहायला आलेले जास्त होते. बाबांनी आमच्या वावराशेजारची जागा निवडली होती, सतरंज्या टाकल्या होत्या, लाऊडस्पीकर लावला होता. भाऊजी आले, त्यांनी वर पाहिलं. पंपाला गेलेली विजेची तार. "मामाजी, इथं नाई जमत."

"अख्खं गाव बसलं आता. उठवू?"

"उठवा."

बाबांच्या कपाळाची शीर मला लांबून दिसली. पण गाव उठलं. सतरंज्या, लाऊडस्पीकर, लाकडी बैल, सगळं शाळेमागच्या मैदानात गेलं. तिथं भाऊजींनी चुन्यानं मोठं रिंगण आखलं, भोवती काठ्या रोवून दोरी बांधली. एवढ्यात बाया ताट घेऊन आल्या. पोळ्याला बैल पुजतात, मग विमानाला काय सोडतात? हळद-कुंकू झालं, आरती झाली, आणि सरपंचाच्या आईनं झेंडूचा जाडजूड हार विमानाच्या नाकात घातला. भाऊजींनी हळद-कुंकू राहू दिलं, हार काढून बाबांच्या हातात दिला. "पंख्यात गेला तं फुलं नाई उडनार माय, बोटं उडतीन." सरपंचाची आई रुसून बसली.

लाऊडस्पीकरवर पोरगा ओरडला, "गावचे जावई, हवाई दलाचे नामांकित पायलट!" भाऊजींनी तिकडे हात हलवून नाही नाही म्हटलं, ते लोकांना नमस्कार वाटला. मग ताई पदर खोचून विमान धरून बसली. ओढून पाहणं झालं. "चाललो!" म्हटलं, गाव "हौ!" म्हणालं. ताईनं हात सोडले.

काय उडालं ते विमान! लाल रेघ नुसती. पहिल्या फेरीला बाया किंचाळल्या, दुसऱ्या फेरीला म्हातारे उभे राहिले. टपरीवर बाबांची टर उडवणारे तोंड उघडं टाकून मान गरगर फिरवत होते. मी बाबांकडे पाहिलं. आनंदानं त्यांचं तोंड थरथरत होतं. आणि मग त्यांनी तेच केलं, जे आमच्या गावात शर्यतीत बैल जिंकल्यावर कोणताही मालक करतो. बैलाला जाग्यावर जाऊन गुलाल लावायचा, धुरकऱ्याच्या, म्हणजे बैल हाकणाऱ्याच्या, गळ्यात हार घालायचा, ही आमच्याकडची रीत. हातात तो झेंडूचा हार होताच. बाबा दोरीखालून वाकले आणि सरळ रिंगणात चालत गेले, जावयाला हार घालायला.

विमान तेव्हा रिंगणाच्या पलीकडच्या अर्ध्यात होतं, म्हणून भाऊजींची पाठ बाबांकडे होती. ते वळले तर समोर सासरा. मी ओरडले, ताई ओरडली, इंजिनापुढे कोणाला काय ऐकू येणार! भाऊजींनी मूठ उचलली, विमान बाबांच्या टोपीवरून गेलं. टोपी उडाली. बाबांना वाटलं वारा आहे. ते हसत, दोन्ही हातांत हार उंच धरून, तारांच्या दिशेनं चालतच राहिले. पुढच्या फेरीला त्या तारा त्यांच्या हातांत, नाहीतर गळ्यात आल्या असत्या. भाऊजींनी विमान रिकाम्या बाजूला जाऊ दिलं आणि मूठ पूर्ण खाली दाबली. लाल विमान नाकावर जमिनीत शिरलं. एकदम सगळं शांत झालं. पंख कुठे, शेपूट कुठे, इंजिन चुन्याच्या रेघेशी मातीत रुतून बसलेलं.

आधी कोणाला काही कळेना. मग कोणीतरी म्हणालं, "पायलटनं इमान पाडलं गा!" आणि गाव जे हसायला लागलं! लाकडी बैलवाली पोट्टी तर लोळत होती. बाबा रिंगणाच्या मध्यात हार घेऊन तसेच उभे, डोक्यावर टोपी नाही. त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "एक काम धड नाई झालं तुमच्यानं," ते भाऊजींना म्हणाले. "अख्ख्या गावात माई इज्जत घालवली."

मला इतका राग आला की मी दोरी ओलांडून आत गेले. "बाबा, तुम्ही मध्ये—" भाऊजींनी मला हातानं थांबवलं. ते लोकांकडे वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "इमान म्याच पाडलं. चूक माई हाय. रिंगनात मानूस आला अन् मले उशिरा दिसला. दोरीवर राखनदार ठेवाले पायजे होता, म्या नाई ठेवला." कोण आला, हे त्यांनी सांगितलं नाही. हसण्याच्या गोंगाटात ते कोणी ऐकलंही नाही. परतीच्या एस.टी.त विमानाचे तुकडे भरलेलं पोतं ताईच्या मांडीवर होतं आणि ती वर्ध्यापर्यंत रडत होती. भाऊजी खिडकीबाहेर पाहत मधूनच म्हणायचे, "एक मानूस पायजे होता दोरीवर. एकच." मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं.

दिवाळीला मी एकटीच अल्लीपूरला गेले आणि बाबांना सगळं तोंडावर सांगितलं. तार कुठून जात होती, तुम्ही कुठे होता, आणि तुमचा जावई तुमच्यापायी गावाचं हसू झेलून बसला. बाबा म्हणाले, "चूप." मी चूप बसले नाही. बाबांनी पानाचा डबा उचलला आणि ओट्यावर जाऊन बसले. आता हा माणूस नालवाडीला जन्मात यायचा नाही, असं मी ताईला येऊन सांगितलं.

थंडीत एका बाजाराच्या दिवशी दारात कोणी खाकरलं. बाबा. काखेत वावरातली भली मोठी लवकी, म्हणजे दुधी भोपळा. ताईच्या हातातली पळी खाली पडली. बाबा आत आले, लवकी ताईकडे दिली, उभ्या उभ्या पाणी प्याले, घराकडे पाहिलंदेखील नाही. भाऊजींना म्हणाले, "थे तार दाखवा."

भाऊजींनी तार आणली. बाबांनी ती चिमटीत धरली. "एवढीशी?" भाऊजींनी ताईकडून लवकी घेतली, पाटावर ठेवली, तारेचं एक टोक मला धरायला दिलं, दुसरं स्वतः धरलं. "चाललो," ते म्हणाले. सवय! मीही "हौ" म्हटलं. आम्ही दोघांनी ती लवकीवर ताणून खाली ओढली आणि तार लवकीतून आरपार गेली. दोन तुकडे पाटावरून घरंगळले. बाबांचा हात आपोआप गळ्याकडे गेला, आणि ते त्या आरामखुर्चीत बसले. कोणी बसा म्हटलं नव्हतं. भाऊजींनी हळूच तोंड भिंतीकडे वळवलं.

ताईनं त्याच लवकीची भाजी केली. बाबांनी ती दोनदा मागून घेतली. हात धुताना म्हणाले, "फुडच्या तान्ह्या पोळ्याले घेऊन येजा इमान. दोरीवर मी राह्यतो उभा."

पुढच्या वर्षी गाव पहिल्यापेक्षा जास्त जमलं, कारण पडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. लाऊडस्पीकरवाल्या पोरानं पुन्हा सुरू केलं, "गावचे जावई, हवाई दलाचे पायलट..." बाबांनी त्याच्या हातातून माईक हिसकला. आयुष्यात ते कधी माईकवर बोलले नव्हते. वावरातून हाक मारतात तसे ते ओरडले आणि कर्णा किंचाळला.

"पायलट नाई! माया जावई फिटर व्हता. लग्नापासून म्या तुमाले खोटं सांगतलं. त्यानं कधीच नाई सांगतलं. अन् मांगच्या साली इमान मायापायी पडलं. म्या भैताडावानी आत घुसलो म्हनून त्यानं पाडलं. आता दोरीच्या आत कोनी आलं तं तंगडं तोडीन, मंग थो सरपंच असो का कोनी!"

कोणी हसलं नाही. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "मंग मिल्ट्रीचं गुपित?" बाबा म्हणाले, "कायचं गुपित वं, काई नाई." भाऊजी मधोमध वाकून तारा तपासत होते. त्यांनी मान वर केली नाही. पण ओढून पाहायची वेळ आली तेव्हा त्यांनी इतकं ओढलं, इतका वेळ ओढलं, की ताई दगडाला पाय लावूनही पुढे सरकली आणि हळूच म्हणाली, "पुरे आता, तुटेल."

विमान उडालं. या खेपेला निळं होतं. टाकीतलं तेल संपेपर्यंत उडालं, उलटं झालं, सुलटं झालं, मुलांच्या बैलांची घुंगरं ऐकू येईनाशी झाली, आणि शेवटी इंजिन गप्प होऊन ते हलकेच चाकांवर टेकलं. गावानं टाळ्या वाजवल्या. भाऊजी आणि बाबा, दोघंही आज नाहीत. पण त्या टाळ्या आठवल्या की मला अजूनही एकटीला हसू येतं आणि रडूही येतं.

मी धावत बाबांकडे गेले. ते दोरीला पाठ लावून, काठी आडवी धरून, लोकांकडे डोळे रोखून उभे होते.

"बाबा, पाहिलं ना? कसं उडालं!"

"म्या कसा पाहू?" बाबा खेकसले. "माया पाठीकडं होतं थे. म्या मानसं पाहून राह्यलो होतो. थ्या सरपंचाच्या पोट्ट्याचा पाय दोनदा आत आला." मग जरा थांबून म्हणाले, "बरं उतरलं का पन?"

"बरं उतरलं."

बाबांनी काठी माझ्या हातात दिली, टोपी सारखी केली आणि दोरीपाशी वळले. पण आत गेले नाहीत. तिथूनच त्यांनी हाक मारली, "जावईबापू, येऊ काय आत?"

भाऊजींनी वाकून पंखा थांबलाय का पाहिलं, मग वर पाहिलं, चारी बाजूंना पाहिलं, आणि म्हणाले, "या, मामाजी."